उसवलेल्या लोकरीचे केस

लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं ‘लिटल हाउस इन द बिग वूड्स’ हे पुस्तक हातांच्या कामांनी गच्च भरलेलं आहे. डुकराचं मांस धुरावर कसं टिकवायचं, हिवाळ्यातल्या फिकट लोण्याला किसलेल्या गाजराचा रंग कसा द्यायचा, शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या कशा ओतायच्या, मेपलच्या रसाची साखर कशी आटवायची, ओटच्या काड्यांच्या वेण्या घालून टोपी कशी शिवायची, हे सगळं त्यात इतक्या बारकाईने येतं, की वाचता वाचता आपलेही हात शिवशिवायला लागतात. आई-बाबा राबत असतात आणि चार-पाच वर्षांची लॉरा शेजारी उभी राहून टक लावून बघत असते. या सगळ्या पसाऱ्यात एक वस्तू मात्र कशी घडली ते आपल्याला दाखवलेलं नाही. ती म्हणजे नाताळच्या सकाळी लॉराच्या मोज्यात सापडलेली कापडी बाहुली, शार्लट.

ही बाहुली पुढे ‘ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक’ या पुस्तकात पुन्हा भेटते. तिथे तिचे हाल होतात आणि मग ती पुन्हा शिवली जाते. हे दुसरं शिवणं मात्र उघड्यावर होतं. पहिलं शिवणं झाकलेलं आणि दुसरं उघडं, असं का? हा प्रश्न मनाशी धरून दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचली, की मुलांसाठी बाहुली शिवण्याच्या कामाबद्दल शिवणाच्या पुस्तकांत सहसा न सापडणारं बरंच काही हाती लागतं.

थोडी पार्श्वभूमी. वाइल्डरबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पेपिन गावाजवळचा. ‘बिग वूड्स’ निघालं १९३२ साली, म्हणजे बाई ६५ वर्षांच्या असताना. ‘प्लम क्रीक’ आलं १९३७ साली. पुस्तकांतली माणसं त्यांच्याच घरातली, नावंही खरी. पण ही आत्मचरित्रं नव्हेत. आठवणींना कादंबरीचा घाट दिलेला आहे, काळ मागेपुढे केलेला आहे आणि त्या घडणीत त्यांची लेखिका मुलगी रोझ वाइल्डर लेन हिचाही मोठा वाटा आहे. शिवाय १९३२ हे महामंदीतलं साल. जुन्याचं नवं करायचे दिवस तेव्हाच्या वाचकाच्या घरातही आलेले होते. बटण आणि चिंधी यांचं मोल त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

शार्लट येण्याआधी लॉराकडे सुझन होती. सुझन म्हणजे दाणे काढलेलं मक्याचं कणीस, रुमालात गुंडाळलेलं. मोठ्या बहिणीकडे, मेरीकडे, नेटी नावाची खरीखुरी कापडी बाहुली होती. मेरी कधीमधी नेटीला लॉराच्या हाती द्यायची, पण लॉरा तिला घ्यायची ती सुझनचं लक्ष नसेल तेव्हाच. सुझन नुसतं कणीस आहे, यात बिचारीचा काय दोष, असं तिला वाटायचं. एवढ्या छोट्या तपशिलात वाइल्डरबाईंनी दोन गोष्टी साधल्या आहेत. लॉराला कापडी बाहुली किती हवी आहे हे एका शब्दाने न सांगता कळतं, आणि ही मुलगी निर्जीव वस्तूच्याही मनाला जपणारी आहे हेही कळतं. शार्लटवर पुढे जे ओढवतं, ते लॉराला का सोसत नाही याचं कारण या कणसापाशीच पेरून ठेवलेलं आहे.

नाताळला पीटरकाका आणि एलायझा आपल्या मुलांसह मुक्कामाला येतात. एलायझा ही लॉराच्या आईची सख्खी बहीण आणि पीटर हा बाबांचा सख्खा भाऊ. म्हणजे आपल्या नात्यांत मोजायचं तर ती मावशीही आणि काकूही. सकाळी मोजे रिकामे होतात. प्रत्येक मुलाला लाल लोकरीचे हातमोजे आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पेपरमिंटची एक कांडी. एवढ्यानेच मुलं हरखून जातात. लॉराच्या मोज्यात मात्र आणखी काहीतरी असतं.

इथे बाहुलीचं जे वर्णन येतं, ते रसिकाने थांबून वाचावं असं आहे. त्यात नाक-डोळ्यांच्या सौंदर्याला एकही उपमा नाही. नुसतं सामान येतं, एकामागून एक. चेहरा पांढऱ्या कापडाचा, डोळे काळ्या बटणांचे, भुवया काळ्या पेन्सिलीने ओढलेल्या. गाल आणि ओठ लाल, ते पोकबेरी नावाच्या रानफळापासून केलेल्या शाईने. पायांत लाल फ्लॅनेलचे मोजे, बुटांच्या जागी काळ्या कापडाचे, घोटे झाकणारे गेटर, अंगात गुलाबी-निळ्या चिटाचा झगा. आणि केस काळ्या लोकरीचे, लोकर आधी विणून मग उसवलेली, म्हणून कुरळे.

केसांचा हा तपशील वर्णनाचा कळस आहे. लोकर विणली की तिला टाक्यांचा बाक बसतो आणि उसवली तरी तो सहजी जात नाही. जुना स्वेटर उसवून नवा विणणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. लोकरीची लड करून, भिजवून, वजन लावून किंवा वाफ देऊन त्या हा बाक घालवतात, कारण वाकडी लोकर नव्या विणीत फुगते. बाहुली शिवणारीला मात्र नेमका तो बाकच हवा होता. विणकामात जो दोष, तो इथे कुरळे केस झाला. आजही बाहुल्या शिवणारे लोकरीचा तुकडा विणतात, ओला करून वाळवतात आणि मग उसवून कुरळे केस काढतात, युक्ती तीच.

आता पेच असा, की लॉराने हे विणणं-उसवणं पाहिलेलं नाही. मग हे केस कसे केले, हे वाचकाला कोण सांगतं? निवेदन तर लॉराच्याच डोळ्यांनी चाललेलं आहे. उत्तर सोपं आहे आणि सुंदरही. शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांच्या घरात वाढलेल्या मुलीला वस्तू दिसते ती तिच्या घडणीसकट दिसते. कुरळी लोकर पाहिली की ती उसवलेली आहे, हे तिला सांगावं लागत नाही. वर्णन सामानाचंच का आहे, तेही यावरून उमगतं. या मुलीच्या लेखी ‘कशाचं केलंय’ हा प्रश्न ‘कसं दिसतं’ याच्या आधी येतो.

हेच सामान घराचा पत्ताही देतं. नाताळच्या रात्री सगळी मुलं लांब लाल फ्लॅनेलचे झगे घालून निजलेली असतात आणि बाहुलीचे मोजेही लाल फ्लॅनेलचेच असतात. चिटाचा तुकडा कुणाच्या तरी फ्रॉकमधून उरलेला असणार. पोकबेरीची झुडपं अमेरिकेत रानात उगवतात. त्यांची फळं विषारी, पण रस गडद किरमिजी, आणि शाई म्हणून तो वापरला जायचाच. सांताक्लॉजच्या गाडीतून आलेल्या बाहुलीच्या गालांवर परसातल्या फळांचा रंग कसा, असा प्रश्न एकाही मुलाला पडत नाही. वाचकाला मात्र पडतो, आणि पडावा म्हणूनच तो तिथे ठेवलेला आहे.

त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला बाबा आईसाठी एक नक्षीदार फळी कोरत बसलेले असतात. रात्रीमागून रात्र ते लाकडावर चांदण्या, चंद्रकोरी आणि वेली काढतात, घासून घासून ते रेशमासारखं मऊ करतात. आईजवळची चिनीमातीच्या बाईची छोटी मूर्ती ठेवायला ती फळी भिंतीवर लागते आणि मुलांसमोर कौतुकाने पाहिली जाते. बाबांच्या हातचं काम असं पानंच्या पानं उजेडात. आईच्या हातचं काम मात्र कुणालाच दिसत नाही. त्या घरात तेव्हा शिवणाचं मशीन नव्हतं. ते या कुटुंबात पुढे कितीतरी वर्षांनी येतं. म्हणजे बाहुलीचा एकेक टाका हाताचा, आणि तोही मुलं निजल्यानंतर दिव्याच्या उजेडात घातलेला असणार. वर त्याचं श्रेय सांताक्लॉजला. मोठ्यांना सांताक्लॉज काही आणत नाही, मोठ्यांनी एकमेकांना द्यायचं असतं, असं मुलांना सांगितलं जातं. आई मुलांना काय देते, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

बाहुली शिवून पाहिलेल्या कुणालाही हे झाकलेलं काम किती आहे याचा अंदाज येईल. कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन उलट टाक्यांनी शिवायचे, कडेला एक फट ठेवायची, मानेच्या आणि काखेच्या वळणावर शिवणीपर्यंत बारीक कातरा द्यायच्या, नाहीतर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात. मग तो सगळा पोकळ जीव त्या फटीतून उलटवून सुलट करायचा. भरण चिंध्यांचं असो की कापसाचं, काडीने चिमूटचिमूट कोंबावं लागतं. मानेत कमी पडलं की डोकं कलंडतं. शेवटी फट अशी मिटवायची की दोरा दिसू नये. बटणाचे डोळे लावताना सुई थेट डोक्याच्या मागे काढून दोरा किंचित ओढला, तर डोळा आत रुततो आणि सपाट कापडाला खोबणी येऊन चेहरा दिसू लागतो. डोळे चेहऱ्याच्या मध्याखाली आणि जरा लांब लावले तर बाहुली लहान मूल वाटते. वर आणि जवळ लावले तर बाई. शाईचं काम त्याहून जोखमीचं. सुती कापडावर रस पसरत जातो आणि एकदा लागला की पुसता येत नाही. एवढं सगळं रात्री, कुजबुजत, शेजारी मुलं निजलेली असताना.

बाहुली हाती आल्यावर लॉरा गप्पच होते. तिला घट्ट धरते आणि आजूबाजूचं सगळं विसरते. सगळे आपल्याकडे बघत आहेत हेही तिला कळत नाही. मग एलायझा लॉराच्याच मोठाल्या डोळ्यांबद्दल काहीतरी म्हणते. नुकतेच बाहुलीचे बटणाचे डोळे वाचून झालेले असतात आणि लगेच लॉराचे विस्फारलेले डोळे समोर येतात. या दोन डोळ्यांच्या जोड्या वाइल्डरबाईंनी कसलंही भाष्य न करता शेजारी ठेवल्या आहेत. आनंदाचं वर्णन न करता तो दाखवण्याची ही रीत त्यांच्या सगळ्या लेखनात आहे, पण इथे ती सगळ्यात निर्दोष उतरली आहे.

लगेच आई सुचवते, की इतर मुलींनाही बाहुली घेऊ दे. सुचवण्यामागचा धडा स्पष्ट आहे: मुलींनी आपमतलबी असू नये. मग बाहुली मेरीकडे जाते, मग मावस आणि चुलत अशा दुहेरी नात्याच्या बहिणींकडे, ॲलिस आणि एलाकडे जाते. मुली झग्यावरून हात फिरवतात, मोजे निरखतात, काळे गेटर आणि कुरळे केस वाखाणतात. म्हणजे त्या बाहुली बघत नाहीत, शिवणकाम बघतात. न दिसणाऱ्या आईला मिळालेली दाद ती एवढीच. बाहुली परत हाती आल्यावर लॉराला हायसं वाटतं. इतर मुलींना हेवा का वाटत नाही, याचंही कारण दिलं आहे: बाळं सोडली तर लॉराच सगळ्यांत लहान, आणि बाळं बाहुलीसाठी फारच लहान, ती बोटं तोंडात घालून वळवळत असतात. आज तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाहुलीला बटणं लावू नयेत, डोळे दोऱ्याने भरावेत असं सांगतात, कारण निघालेलं बटण पहिलं तोंडात जातं. ती खबरदारी या बिनशब्दांच्या व्यवहारातही दिसते.

कापडी बाहुल्या टिकत नाहीत. मुलाच्या हाती रोज लागणारी वस्तू धुऊन, ओढून, चावून संपते. कपाटात जपलेली चिनीमातीची बाहुली तेवढी वस्तुसंग्रहालयात पोहोचते. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातल्या इजिप्तमधली एक चिंध्यांची बाहुली आहे, ऑक्सिरिंकसला सापडलेली, लिननच्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचं भरण. ती वाचली ती कोरड्या वाळूमुळे. पावसा-बर्फाच्या विस्कॉन्सिनमध्ये अशी सोय नव्हती. शिवाय कापडी बाहुली तेव्हा बाजारातही येऊ लागली होती. १८७३ साली ऱ्होड आयलंडच्या इझाना वॉकर यांनी आपल्या कापडी बाहुल्यांचं पेटंट घेतलं. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० साली फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला, टाचण्या टोचायची उशी म्हणून. मुलांनी त्याचं खेळणं केलं आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. या बायकांची नावं पेटंटवर आणि कारखान्यावर राहिली. घराघरांत रात्री जागून शिवणाऱ्यांच्या बाहुल्या मात्र त्यांच्या नावासकट विरून गेल्या. शार्लट उरली ती पुस्तकात.

‘प्लम क्रीक’मध्ये घर मिनेसोटात आलेलं आहे. टोळधाडीने पीक खाल्लेलं आहे, बाबा मजुरीसाठी दूर गेलेले आहेत, आणि त्या काळात अडीनडीला धावून येणारे शेजारी म्हणजे नॉर्वेहून आलेले नेल्सन. या पुस्तकात शार्लटच्या आधी दुसऱ्या एका बाहुलीची भेट होते. दुकानदाराची मुलगी नेली ओल्सन हिच्याकडे मेणाची बाहुली आहे. निजवली की डोळे मिटणारी, पोट दाबलं की आईला हाक मारणारी. लॉरा नकळत हात पुढे करते आणि नेली किंचाळून तिला रोखते. ही बाहुली बघायची, शिवायची नाही. शार्लटला बघणाऱ्या प्रत्येकीने हात लावून पाहिलं होतं. विकतच्या आणि घरच्या बाहुलीतला फरक वाइल्डरबाई किमतीने सांगत नाहीत. कोणती बाहुली हाताळू दिली जाते, यावरून सांगतात.

मग एके दिवशी नेल्सनबाई लहानग्या ॲनाला घेऊन येतात. ॲनाला इंग्रजी येत नाही. तिला शार्लट आवडते, आणि निघायची वेळ झाली की ती बाहुली सोडेना, रडून गोंधळ घालते. आई लॉराला म्हणते, देऊन टाक. ॲना लहान आहे, पाहुणी आहे, तू आता बाहुल्या खेळायच्या वयाची राहिली नाहीस. लॉरा आईचं ऐकते. पहिल्या पुस्तकातला धडा इथे जसाच्या तसा परत आलेला आहे. तेव्हा दिलेली बाहुली परत आली होती, या वेळी येत नाही. रिकामी पेटी पाहत बसलेल्या लॉराला आई वर ऐकवते, की तू तर हल्ली तिच्याशी खेळतही नव्हतीस. आईचं म्हणणं चूक म्हणता येत नाही आणि बरोबर तर मुळीच नाही. खेळणं थांबलं म्हणजे जीव आटला, असा हिशेब मोठी माणसं करतात. मूल बाहुलीला पेटीत निजवतं तेव्हाही ती त्याचीच असते. शेजाऱ्याचे उपकार, पाहुण्याचा मान, मुलीला वळण लावणं, हे सगळं आईच्या मनात आहे. ते खरंही आहे. फक्त बाहुली कुणाची, हे विचारायचं राहून गेलं.

पुढे एके दिवशी नेल्सनांच्या आवारात गोठलेल्या डबक्यात लॉराला शार्लट दिसते. केस उपटलेले, एक बटण गायब, हसरं तोंड फाटून लाल लोकर गालावर लोंबलेली. लॉरा तिला उचलून धावत घरी येते. बाहुलीच्या या दुर्दशेच्या वर्णनातही पुन्हा सामानच आहे, फक्त उलट क्रमाने. पहिल्या प्रकरणात एकेक वस्तू जोडत बाहुली उभी राहिली होती, इथे एकेक वस्तू सुटत ती मोडते. लेखिकेने शोक मांडला आहे तो असा, नग मोजून.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे एक विसंगती खुपेल. पहिल्या पुस्तकात शार्लटचे ओठ रानफळाच्या शाईचे होते, दुसऱ्यात तोंड लोकरीचं आहे. मधल्या पाच वर्षांत लेखिकेची आठवण घसरली असेल. पण शिवणारा वाचक तिला चटकन सावरून घेतो. फळांच्या रसाचा रंग धुण्याला आणि उन्हाला टिकत नाही. ओठ फिके पडले की कुणीतरी सुई-लोकर घेऊन ते पुन्हा भरणारच. हाती असलेली बाहुली अशीच हळूहळू बदलत जाते, आणि मुलाला ती तीच वाटत राहते.

आईला लॉराची अवस्था कळते. तुझा एवढा जीव आहे हे ठाऊक असतं तर मी ती दिली नसती, अशा अर्थाचं ती बोलते. सोबत परोपकाराचा धडाही सोडत नाही. हे बोलणं फार खरं उतरलं आहे. आईबाप मुलापुढे चूक कबूल करतात तेव्हाही शिकवण पदरी बांधूनच करतात. पण तिचं खरं उत्तर बोलण्यात नाही, पुढच्या कामात आहे. दोघी मिळून बर्फ विरघळवतात, बाहुली पिळून काढतात. मग आई तिला धुते, खळ देते, इस्त्री करते, आणि लॉरा चिंध्यांच्या पिशवीतून तिच्यासाठी फिकट गुलाबी कापडाचा नवा चेहरा आणि नवी बटणं निवडते. रात्री शार्लट पेटीत निजते तेव्हा तिचे केस सोनेरी-तपकिरी आहेत, दोन वेण्या घातलेले, निळ्या लोकरीच्या फितींनी बांधलेले.

म्हणजे चेहरा नवा, डोळे नवे, केसांचा रंगसुद्धा वेगळा. तरी नाव शार्लटच, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मेणाची बाहुली अशी फुटली असती तर संपली असती. कापडी बाहुलीची शिवण उसवता येते, आतलं भरण बदलता येतं, वरचं कापड बदलता येतं. चिंधीला चिंधी जोडता येते, हा तिचा गुण आहे. तो तिच्या गरिबीतून आलेला असला तरी गुणच. बाहुली शिवताना टाके असे घालावेत की पुढे कधी कुणाला ते उसवता येतील, असं जुन्या शिवणकरी बायका सांगतात त्याचा अर्थ इथे कळतो.

या कथेची एक मर्यादाही सांगायला हवी. ॲना आपल्याला दिसते ती केवळ लॉराच्या रागातून. तिला भाषा नाही, म्हणून तिची बाजूही नाही. ओढाताण करणं, केस उपटणं, फेकून देणं, हाही लहान मुलांचा खेळच असतो. निर्दयपणा त्यात लॉराला दिसतो. एका घराच्या डोळ्यांनीच जग पाहण्याची ही सवय या मालिकेत इतरत्र याहून जड जाते, विशेषतः अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या चित्रणात. त्यावरच्या टीकेमुळे २०१८ साली अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने वाइल्डरबाईंच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदललं. ही टीका योग्य आहे, आणि ती लक्षात ठेवूनही शार्लटची दोन प्रकरणं वाचता येतात, कारण त्यांत तीच नजर घरातल्या माणसांकडे वळते आणि आईलाही सूट देत नाही.

पहिल्या पुस्तकात आई निर्दोष आहे, पण अदृश्य. तिचं शिवणं कुणाला दिसत नाही, कारण भेट देणारा दुसराच कुणीतरी आहे असं मुलांनी मानायचं असतं. दुसऱ्या पुस्तकात आई चुकते, आणि त्याच प्रकरणात ती पहिल्यांदा बाहुली शिवणारी म्हणून आपल्यासमोर येते, खळ-इस्त्री करत, शेजारी चिंध्यांची पिशवी धुंडाळणाऱ्या मुलीला घेऊन. सांताक्लॉजने दिलेली बाहुली हरवली असती तर लॉराला पुढच्या नाताळची वाट पाहावी लागली असती. आईची बाहुली घरच्या घरी दुरुस्त झाली, आणि दुरुस्त करताना मुलीलाही ते काम आलं. आपण मुलांसाठी बाहुल्या शिवतो तेव्हा त्या गुपचूप पूर्ण करून हाती ठेवण्यात मजा असतेच. पण पहिला टाका उसवला की मुलाला जवळ बोलवावं आणि सुई त्याच्या हाती द्यावी. वाइल्डरबाईंच्या आईचं नाव शार्लटवर पडलं ते त्या दुसऱ्या शिवणीत.